हत्तीपासून डावीकडे

"नाना, जरा हसा बघू."

मी हे सोप्यात, सगळ्यांसमोर म्हणाले. आत्तींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हातातलं सूप थांबलं. बाळूकाका तंबाखू मळत होते, त्यांचा अंगठा तळहातावरच राहिला. लग्न होऊन चार महिने झालेली सून सासऱ्याला, तेही नानांना, हसायला सांगते म्हणजे काय!

नाना हसत नसत. कमी हसत असं नाही, हसतच नसत. पोस्टमन म्हणून चौतीस वर्षं सायकल हाणताना त्यांनी पाच गावांत बारशाच्या, लग्नाच्या, नोकरी लागल्याच्या बातम्या पोचवल्या, पण चेहरा तोच ठेवला जो मयताची तार देताना असायचा. नानांच्या तोंडाकडे बघून पत्र चांगलं की वाईट हे कळत नाही, फोडूनच बघावं लागतं, असं लोक म्हणायचे.

त्या सकाळी मात्र मला त्यांचं हसू हवंच होतं. साडेनऊला त्यांनी खणखणीत आवाजात चहा मागितला. मी तो दिला, त्यांनी बशीत ओतला, बशी तोंडाला लावली आणि अर्धा चहा उजव्या बाजूने हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळला. सदरा भिजला तरी त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

लग्नाआधी मी सांगलीत एका औषधांच्या दुकानात वर्षभर काउंटरला होते. माझ्या खुर्चीसमोर भिंतीवर एक पोस्टर होतं. माणसाला हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एखादं वाक्य बोलायला सांगा. यातलं एक जरी बिघडलेलं दिसलं तरी घड्याळ बघा आणि ताबडतोब फोन करा. त्या पोस्टरकडे बघत मी वर्षभर डबा खाल्ला होता, त्यामुळे ते मला पाठ होतं. पण पोस्टर लिहिणाऱ्याने एक गोष्ट गृहीतच धरली होती, ती म्हणजे माणूस एरवी हसतो.

"आत्ती, नाना हसतात तेव्हा तोंड सरळ असतं का हो?"

"मला काय म्हाईत?" सासूबाई म्हणाल्या. "चाळीस वरसात एकदा बी न्हाई बघितलं."

"लग्नात?"

"लग्नात तर मुळीच न्हाई."

"एकदा हसला हुता," बाळूकाका म्हणाले. काका म्हणजे नानांचे धाकटे भाऊ, शेजारच्याच घरात राहणारे. "शाळंचा सायब वढ्यात पडला हुता तवा. पर म्या पाठीमागं हुतो, मला तोंड न्हाई दिसलं."

मी हसवण्याचा नाद सोडला. "नाना, दोन्ही हात वर करा."

नानांनी माझ्याकडे असं बघितलं की एरवी मी स्वयंपाकघरात पळाले असते. पण हात उचलले. डावा सरळ वर गेला. उजवा खांद्यापर्यंत आला आणि कुणीतरी सोडून दिल्यासारखा बाजेवर पडला. नाना त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी भावाकडे बघून तोंड उघडलं.

"बाया, फुईच्या, बतो काय?"

आता हे वाक्य घरात दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. "बाळ्या, फुकणीच्या, बघतोस काय?" काकांना काही काम सांगायचं असलं की सुरुवात इथूनच व्हायची. तालुक्यात इतक्या स्वच्छ उच्चाराची शिवी दुसऱ्या कुणाची नव्हती. तीच शिवी आज अर्धी गळून बाहेर आली.

मी कॅलेंडरला अडकवलेला पेन काढला आणि तळहातावर लिहिलं, ९.३०.

"दिष्ट लागली," आत्ती उठल्या. "काल बाजारात नवा सदरा घालून गेलं हुतं. म्या सांगितलेलं, घालू नगा." त्या मीठ-मिरच्या आणायला आत गेल्या.

"दिष्ट न्हवं, वारं हाय," काका म्हणाले. "शेरीचा भगत ह्याच्यावर झाडपाला देतोय. एक नंबर औषध. पर त्यो गुरवारीच देतो."

"आज मंगळवार आहे, काका."

"मग परवा जाऊ की!"

माझा नवरा संग्राम डेअरीच्या कामाला कराडला गेला होता. त्याचा फोन लागत नव्हता. काका म्हणाले, तो संध्याकाळी आला की काय ते ठरवू, नाहीतर मोटरसायकलवर नानांना मधे बसवू आणि मी मागून धरायचं. नानांना बाजेवर नीट बसता येत नव्हतं, ते उजवीकडे कलत होते.

"मी एकशेआठला फोन लावते," मी म्हणाले.

"आगं, ती गाडी दारात आली म्हंजी गावात काय म्हनत्याल? वाजत येती ती! लोक सरपन घिऊन येतील!"

"न्ग," नानाही म्हणाले. म्हणजे नको.

त्या घरात तोवर माझा शब्द आमटीत मीठ किती घालायचं एवढ्यापुरताच चालायचा, आणि त्यातही आत्ती नंतर चव बघायच्या. पण तळहातावर साडेनऊ होते आणि भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा. मी फोन लावला.

"नमस्कार, एकशेआठ. काय झालंय?" एका मुलीचा आवाज आला. इतका शांत की मला तिचा हेवाच वाटला.

"माझ्या सासऱ्यांचं तोंड वाकडं झालंय. उजवा हात उचलत नाही. बोलणं जड आलंय. साडेनऊपर्यंत चांगले होते."

"वय?"

"अडुसष्ट."

"शुद्धीवर आहेत का? श्वास नीट चालू आहे?"

"शुद्धीवर आहेत. शिव्या देतायत."

"चांगलं आहे," ती म्हणाली. "त्यांना काही खायला-प्यायला देऊ नका, पाणीसुद्धा नाही. कुशीवर झोपवा, डोक्याखाली उशी द्या. फोन मोकळा ठेवा, आमचा चालक याच नंबरवर तुमच्याशी बोलेल. आता पत्ता सांगा."

"माळसोंड. जगदाळे मळा."

"जवळची खूण?"

आणि इथे बाळूकाकांनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांच्या मते बाईमाणसाने आजार सांगावा, पत्ता पुरुषाने.

"लिवून घ्या," ते ओरडले. "फाट्यावरनं आत यायचं. हत्तीपासनं डावीकडं."

"हत्ती आहे का तिथं?" पलीकडून प्रश्न आला.

"हाय की! म्हंजी, आता न्हाई."

आमच्या गावाबद्दल थोडं सांगायला हवं. माळसोंडमध्ये पत्ता असा नाही. सगळ्या खुणा आहेत आणि त्यातली एकही जागेवर नाही. मी लग्न होऊन आले त्याच्या पंधराव्या दिवशी आत्तींनी मला दळण आणायला पाठवलं. "हत्तीपासनं डावीकडं, चिंचंखालनं सरळ, थेटराच्या म्होरं गिरण." मी पाऊण तास हत्ती शोधला. मूर्ती असेल, चित्र असेल, निदान हत्तीसारखा दगड तरी असेल. नंतर कळलं की एकोणीसशे बहात्तर साली एक सर्कस तालुक्याला चालली होती, तिचा हत्ती त्या वळणावर बसला आणि तीन तास उठला नाही. तेवढ्यावरून ते वळण कायमचं हत्ती झालं. चिंच रस्ता रुंद करताना गेली. थेटर म्हणजे एका जत्रेत लागलेला तंबू. गिरण तेवढी खरी होती, पण मी पोचेपर्यंत ती बंद झाली.

मी परत येताना उसात हरवले. नाना सायकल घेऊन शोधायला आले. घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत, पण संध्याकाळी पारावर म्हणाले, "शिकलेली सून आनली. तिला हत्ती दिसंना." सगळा पार हसला, नाना सोडून.

दुसऱ्या दिवशी मी वही केली. फाट्यापासून आत येणाऱ्या विजेच्या खांबांवर पांढऱ्या रंगात आकडे आहेत, ते मी चालत जाऊन लिहून काढले. कितव्या खांबापाशी काय, कुठे वळायचं, सगळं. ती वही म्हणजे घरातली चेष्टेची गोष्ट होती. चौतीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसापुढे सून पत्ते लिहिते! "पत्ता वहीत नसतोय," नाना म्हणायचे, "डोस्क्यात असतोय."

तर काका पलीकडच्या मुलीला तोच डोक्यातला पत्ता सांगत होते. "हत्तीपासनं डावीकडं, मग बुजवलेली हीर लागती, तितनं उजव्या अंगाला."

"हीय न्हाय," नाना बाजेवरून म्हणाले. "चिं... चिं..."

"चिंचंवरनं लांब पडतं, दादा! हिरीवरनंच जवळ!"

"चिंच!" नाना म्हणाले आणि डाव्या हाताने बाज बडवली. अर्धांगाचा झटका आलेला माणूस आणि त्याचा भाऊ, एका नसलेल्या झाडावरून आणि एका नसलेल्या विहिरीवरून भांडत होते, आणि तिकडे ती मुलगी शांतपणे म्हणत होती, "काका, सध्या तिथं जे आहे ते सांगा. सध्या."

गाडी निघाली असं तिने सांगितलं तेव्हा दहाला पाच कमी होते. मी नानांना कुशीवर वळवलं, पाठीला तक्क्या लावला. आत्ती तांब्या घेऊन आल्या.

"आत्ती, पाणी नको. घशात अडकेल."

"साधं न्हाई गं. तुळशीचं हाय."

नानांनी त्या तांब्याकडे बघितलं. तुळशीचं पाणी कुणाला आणि कधी पाजतात हे त्यांना माहीत होतं. त्यांनी धड असलेल्या हाताने तो तांब्या असा उडवला की तो अंगणात जाऊन वाजला.

"ताकद हाय म्हंजी," आत्ती म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

मग सायरन ऐकू आला. लांबून, उसावरून. मी अंगणात आले. ते सप्टेंबरचे शेवटचे दिवस होते, ऊस डोक्याच्या वर गेलेला, चार हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं. सायरन जवळ आला, आणखी जवळ आला, मग उजवीकडून पुढे निघून गेला. थोड्या वेळाने डावीकडून आला. पुन्हा लांब गेला. आमच्या घराला प्रदक्षिणा घालावी तशी ती गाडी फिरत होती.

मी आत पळाले. "काका, चालकाचा फोन आला का?"

काका माझाच फोन कानाला लावून उभे होते. "व्हय, व्हय, सकाळच्याला. तोंड पार फिरलंय. तुमी या निघून. मावशीला बी घ्या."

"काका, कुणाशी बोलताय?"

"विट्याच्या पाव्हण्यांशी. चार जागी कळवलं, पाच ऱ्हायलीत. वायट नगं वाटायला कुनाला."

फोन मोकळा ठेवा, असं ती मुलगी म्हणाली होती. चालक दहा मिनिटं आमचा नंबर लावत होता आणि इकडे काका विट्यापासून इस्लामपूरपर्यंत नातं सांभाळत होते. आणि तेवढ्यात माझं नानांकडे लक्ष गेलं.

नाना गप्प झाले होते. आता चिंचही म्हणत नव्हते. डोळे उघडे होते, पण ते भिंतीकडे लागले होते आणि डाव्या हाताने ते उजवा हात चाचपत होते, तो आपलाच आहे का हे बघावं तसं. नाना भांडत होते तोवर मला धीर होता. ते थांबले आणि मला वाटलं, हा माणूस आपल्या डोळ्यांसमोर जातो आहे, आणि गाडी उसाच्या पलीकडे उभी आहे.

मी काकांच्या कानावरून फोन ओढला.

"काका, तुम्ही गप्प बसा. नानांना कुशीवर धरून ठेवा. पाणी कुणीही पाजायचं नाही."

काकांचं तोंड उघडं राहिलं, पण ते गेले आणि त्यांनी नानांना धरलं. फोन लगेच वाजला.

"बाई, चालक बोलतोय. तुमच्या गावात हत्ती कुणी पाळलाय का? ज्याला विचारतो तो म्हणतो हत्तीवरनं वळा."

"हत्ती विसरा. तुमच्यासमोर विजेचा खांब आहे का?"

"आहे."

"त्यावरचा आकडा वाचा."

"एकसष्ट."

मला वही बघावी लागली नाही. "तुम्ही पुढे गेलात, गाडी वळवा. आकडे उतरत गेले पाहिजेत. त्रेचाळीस नंबरला उजवीकडे आत रस्ता आहे, तिथून सरळ आमचं घर."

"साठ," तो म्हणाला. "एकोणसाठ." मग एकदम म्हणाला, "पण बाई, मघाशी इथनंच गेलो मी. मला तर कुठं रस्ता दिसला नाही."

तो बरोबर होता. त्रेचाळीस नंबरच्या खांबावर भोपळ्याचा वेल चढला होता, आकडा झाकला होता, आणि दोन्ही बाजूंचा ऊस रस्त्यावर वाकला होता. तिथे कुणीतरी उभं राहायला हवं होतं. काका नानांना धरून होते, आत्तींचे गुडघे दुखायचे. मी पळत अंगणात आले. घट बसणार म्हणून आत्तींनी घरातलं सगळं धुणं काढलं होतं, दोरीवर जागा नव्हती. मी माझी एक ओढणी ओढली.

"त्यानं काय हुतंय?" आत्ती मागून आल्या. त्यांनी दोरीवरून लालभडक इरकली लुगडं ओढलं. माहेरचं, वर्षातून एकदा घट बसताना नेसायचं, ज्याला मला हात लावायची मुभा नव्हती. त्यांनी त्याचा बोळा करून माझ्या अंगावर फेकला. "हे ने. लांबनं दिसतंय. पळ!"

मी पळाले. एका हातात फोन, एका हातात नऊ वार. फोनमध्ये चालक आकडे म्हणत होता, पन्नास, एकोणपन्नास, आणि माझ्या एका पायातली चप्पल उसात गेली ती पुन्हा मिळाली नाही. खांबापाशी पोचून मी ते लुगडं वेलावरूनच दोन वेढे देऊन बांधलं आणि उरलेला पदर दोन्ही हातांनी रस्त्यावर हलवत उभी राहिले. शेळ्या घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली, मला आपादमस्तक बघितलं आणि नमस्कार करून पुढे गेली.

"दिसलं!" फोनमधला आवाज म्हणाला, आणि वळणावरून पांढरी गाडी आली.

गाडीत चालक आणि एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पाच मिनिटांत नानांना तपासलं, नळी लावली, स्ट्रेचरवर घेतलं. गाडीत चढवताना नानांना एकदम जाग आल्यासारखं झालं. त्यांनी डाव्या हाताने चालकाची बाही धरली.

"चिं... चेवयनं घे," ते म्हणाले.

"कुठली चिंच, आजोबा?"

"नाना," मी म्हणाले, "तुम्ही गप्प बसा."

आत्तींनी तोंडावर हात ठेवला. नानांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या ओठाचा डावा कोपरा किंचित वर गेला. ते हसू होतं की दुखणं, मला कळलं नाही. पोस्टरवर ते लिहिलेलं नव्हतं.

शहरातल्या दवाखान्यात पोचलो तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "केव्हापासून?" आत्ती म्हणाल्या, "गायीचं दूध काढून झाल्यावर." काका आमच्या मागून मोटरसायकलवर आले होते, ते म्हणाले, "म्या तंबाखू मळत हुतो तवा." मी तळहात उघडून दाखवला. घामाने शाई पसरली होती, पण आकडा वाचता येत होता.

डोक्याचे फोटो काढले, मग इंजेक्शन दिलं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की हे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. संध्याकाळची वाट बघितली असती तर काही करता आलं नसतं.

काका खाली बघत होते. "आनि गुरवारी?" त्यांनी हळूच विचारलं. डॉक्टरांना काही कळलं नाही.

मी दवाखान्याच्या बाकावर बसले आणि तेव्हा मला रडू फुटलं. सकाळपासूनचं सगळं बाहेर आलं, एका पायात चप्पल नव्हती ते दिसलं आणि आणखीनच रडले. आत्ती शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "माझं लुगडं खांबावरच ऱ्हायलं गं." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून त्याही रडायला लागल्या.

तीन आठवड्यांनी नाना घरी आले. लुगडं अजून खांबावरच होतं. आत्ती सोडायला गेल्या तर एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की काकू, अंधारात वळायला बरं पडतंय." आत्ती हात हलवत परत आल्या. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले आणि उसाच्या ट्रॉल्यांनी ओढून ओढून त्याच्या चिंध्या केल्या. मग त्याही गेल्या.

नानांची जीभ हळूहळू सैल झाली. हात मात्र वेळ घेत होता. रोज लिहायची सवय ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नाना पाटी घेऊन दार लावून बसायचे. काय लिहितात ते कुणाला दाखवायचे नाहीत. एके दिवशी काठी घेऊन एकटेच टपाल कचेरीपर्यंत जाऊन आले, आणि कशाला गेला होता असं विचारलं तर काकांनाच दोन शब्द ऐकवले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी अंगणात सायकलची घंटा वाजली. कोल्हापूरकडून नव्याने बदलून आलेली टपालवाली मुलगी होती. गावात येऊन तिला आठवडाही झाला नव्हता.

"ऋतुजा संग्राम जगदाळे इथंच राहतात ना?"

माझ्या नावाने त्या घरात आलेलं ते पहिलं टपाल. साधं पोस्टकार्ड. अक्षर वाकडंतिकडं, पहिलीतल्या मुलाने काढल्यासारखं, पण प्रत्येक अक्षर पुरं केलेलं. पत्ता असा होता:

सौ. ऋतुजा संग्राम जगदाळे
लुगड्याजवळ
मु. पो. माळसोंड

"पत्ता बघून म्हटलं, आता हे काय," ती मुलगी म्हणाली. "पण गावात एकालाच विचारलं, त्यानं सरळ बोट केलं. लुगड्यापासनं आत, म्हणाला." तिने मागे वळून रस्त्याकडे बघितलं. "पण वहिनी, तिथं लुगडं कुठं दिसलं नाही हो. आहे का तिथं?"

"आहे ना," मी म्हणाले. "म्हणजे, आता नाही."

ती सायकल वळवून गेली. मी तिथेच उभी राहिले. आपण आत्ता काय बोललो ते मला ऐकू आलं होतं. मी कार्ड उलटलं. मागे एकच ओळ होती: हे पोचलं तर पत्ता बरोबर हाय.

नाना सोप्यात बाजेवर बसले होते आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होते. काका खांबाला टेकून तंबाखू मळत होते. मी कार्ड घेऊन नानांसमोर गेले. जे तोंडात आलं ते म्हणाले.

"नाना, जरा हसा बघू."

नाना हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही हात वर केले. डावा पटकन गेला. उजवा सावकाश निघाला, वाटेत थोडा थांबला, पण डाव्याशेजारी जाऊन पोचला आणि तिथेच राहिला. काका हात थांबवून बघत होते.

"बाळ्या, फुकणीच्या," नाना म्हणाले, "बघतोस काय?"

त्यातलं एकही अक्षर गळलं नव्हतं.